निशाणी पंधरा

पानाला तीस रुपये, दुरुस्तीचे वेगळे.
कसबा बावड्यात कोर्टाच्या भिंतीला पाठ लावून
बावीस वर्षं मी दुसऱ्यांची वाक्यं बडवतोय.
टाइपरायटर गेला तेव्हा पहिल्यांदा
आजूबाजूचं भांडण नीट ऐकू यायला लागलं.

ॲडव्होकेट निलोफर मुल्लाणी उभ्या उभ्या मजकूर सांगत होत्या.
त्यांच्यामागं, खुर्ची देऊनही न बसलेली,
शेवंता राऊ मगदूम. वय अठ्ठावन्न. धंदा शेती व दोन म्हशी.
शेती मी घातली. म्हशी तिनं घालायला लावल्या.

दावा पंचवीस लाखांचा.
दूध संस्थेच्या वार्षिक सभेत, विषय क्रमांक सहाला,
ही बाई माइकपाशी गेली
आणि वादी चेअरमन बाबगोंडा नरसू चौगुले यांच्या
'नावलौकिकास बाधा येईल असे उद्गार काढले'.
कोणते उद्गार?
वादपत्राची एकोणीस पानं मी पालथी घातली.
पान चारवर 'सदर उद्गार'. पान नऊवर 'उपरोक्त उद्गार'.
वर काहीच नव्हतं.

तेच लिहा, वकीलबाई म्हणाल्या.
नेमके शब्द वादपत्रात नमूद नाहीत.
सबब वादास कारण घडल्याचे दिसून येत नाही.
सबब ऑर्डर सात, रूल अकरा अन्वये
वादपत्र नामंजूर व्हावे.
सबब, सबब. त्या शब्दानं बोटाला घट्टा पडलाय माझ्या.

मी विचारलं, मावशी, बोललासा तरी काय?
तिनं वकीलबाईंकडं बघितलं. त्यांनी मान हलवली, आत्ता नको.
पंचवीस लाखांचं वाक्य गिळून ती गप्प बसली.
चहाही नको म्हणाली. वास घेऊन म्हणाली,
ह्यात दूध कुठाय?

ह्या अर्जाची एक गंमत आहे.
तो चालतो तेव्हा समोरच्याचं सगळं खरं धरायचं असतं.
धरून चाला, चेअरमन देवमाणूस.
धरून चाला, त्या रात्री त्यांना जेवण गेलं नाही,
पुतण्याच्या लग्नात व्याह्यांनी फेटा बांधायचं टाळलं,
बीपीची गोळी अर्धीची अख्खी झाली.
सगळं खरं.
बरं, पण ती म्हणाली काय?

मार्चात त्यांचं म्हणणं आलं. एप्रिलात साहेब रजेवर.
दर तारखेला शेवंता पहाटेची धार काढून केएमटीनं यायची,
पिशवीत भाकरी आणि संस्थेचं दूधपुस्तक:
फॅट सहा पाच, सहा चार, सहा पाच,
आणि गौरी-गणपतीपासून
चार नऊ, चार नऊ, चार नऊ.
म्हशी त्याच. वैरण तीच.

जूनमध्ये युक्तिवाद झाला. आतलं मला कारकुनानं सांगितलं.
साहेबांनी विचारलं, शब्द काय होते?
देसाई वकिलांनी चष्मा काढला, पुसला, घातला.
मागच्या बाकावर चेअरमन पंख्याकडं बघत होते.
'साहेब, उघड कोर्टात उच्चारले तर
अशिलाची पुन्हा तीच...'
पट्टेवाला तोंड फिरवून हसला म्हणे.

पंधरा दिवसांनी देसायांचा ज्युनियर
माझ्याच टेबलाशी आला. दुसरा टायपिस्ट सोयऱ्याच्या मयतीला गेलेला.
वादपत्र दुरुस्तीचा अर्ज. परिच्छेद चार अ.
कानाशी वाकून सांगायला लागला.
मोठ्यानं सांगा, मी म्हटलं, ट्रक चाललाय.
मग त्यानं मोठ्यानं सांगितलं.
झेरॉक्सवाला, तिकीटवाला, आरोपी घेऊन आलेले दोन पोलीस
आणि तो आरोपीसुद्धा, सगळ्यांनी ऐकलं:

'चेअरमन, माझी म्हस खोटं बोलत न्हाई.
तुमचं मशीन कुणाच्या गोठ्यातलं?'

म्हस लिहू का म्हैस, मी विचारलं.
नेमके शब्द पाहिजेत, तो म्हणाला. म्हस.

खाली पडताळणी:
वर लिहिलेला मजकूर माझ्या माहितीप्रमाणे
खरा व बरोबर आहे.
सहीची जागा, चौगुले बाबगोंडा नरसू.

निशाणी पंधरा अजून निकालावर आहे.
दोन पानं झाली. साठ रुपये.
त्याच्याकडं सुटे नव्हते.